तारेवरची कसरत : ७४ टक्के सूट आणि नऊ इंच जांभा

प्रश्न : ताई, मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. आमचं घर लांजा तालुक्यात, कौलारू, भिंती जांभ्याच्या. पुढे पडवी, मग ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि मागे दोन खोल्या, सगळं आगगाडीच्या डब्यांसारखं एका रांगेत. फायबरची तार पडवीत येते. तिथे भिंतीवर ठोकलेल्या डब्याचं वायफाय माजघराच्या उंबऱ्यापर्यंत येतं आणि तिथे प्राण सोडतं. प्लॅन २०० एमबीपीएसचा आहे. घरात मी आणि सौ. दोघंच. मुलगा पुण्याहून महिन्यातून आठवडाभर येतो आणि मागच्या खोलीत बसून ऑफिसचं काम करतो. मीटिंग तुटली की लॅपटॉप घेऊन पडवीत येतो, मग येणारा-जाणारा 'कधी आलास?' म्हणून त्याच्याशी गप्पा मारत उभा राहतो. सेलमध्ये एक राउटर दिसला : छापील किंमत ४,९९९, आता १,२९९, म्हणजे ७४ टक्के सूट. पानावरचा मजकूर उतरवून पाठवतो : 'एसी१२००, ड्युअल बँड, ५ डीबीआयच्या चार अँटेना, १ वॅन आणि ४ लॅन पोर्ट १०/१०० एमबीपीएस, राउटर, ॲक्सेस पॉइंट आणि रेंज एक्स्टेंडर मोड.' पुतण्या म्हणतो, नऊशेचा रिपीटर घ्या. मुलगा म्हणतो, मेश घ्या, पण ते नऊ हजारांच्या घरात जातं. सूट दोन दिवसांत संपते आहे. काय करू?

उत्तर : गुरुजी, पानावरचा मजकूर अक्षर न् अक्षर उतरवून पाठवणारा वाचक मला वर्षातून एखादाच भेटतो. बाकीचे 'एक चांगला राउटर सुचवा' एवढंच लिहितात आणि घर कसं आहे, प्लॅन कितीचा आहे, काही म्हणजे काही सांगत नाहीत. हे उत्तर छापून येईस्तोवर तुमचे दोन दिवस संपलेले असतील. संपू देत. दसरा गेला की दिवाळी येते, मग वर्षअखेर, मग प्रजासत्ताक दिन. या डब्यांवर बारा महिने कसली ना कसली सूट चालूच असते.

आधी ते ४,९९९ डोक्यातून काढा. ती कमाल किंमत. तिच्या वर विकायचं नाही एवढंच कायदा सांगतो. आकडा किती छापायचा ते कंपनी ठरवते. सूट मोजायची तर तोच डबा गेल्या महिन्यात कितीला मिळत होता त्याच्याशी मोजायची. मी पुण्याला गेले की बुधवार पेठेत तपकीर गल्लीत दोन-तीन दुकानांत नुसता भाव विचारून येते. ऑनलाइन जिला ७४ टक्के सूट म्हणतात, ती किंमत तिथला दुकानदार जांभई देत सांगतो, 'सूट' हा शब्दसुद्धा न वापरता.

आता 'एसी१२००'मधले ते १२००. २.४ गिगाहर्ट्झच्या बँडचे, म्हणजे लहरींच्या पट्टीचे, ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७, बेरीज ११६७, ती फुगवून १२००. फोन एका वेळी यांपैकी एकाच बँडवर बोलतो. दोन शाळांचा पट मिळवून एका वर्गाचा म्हणून दाखवला तर तपासणीला आलेले साहेब काय म्हणतील ते तुम्हाला मी सांगायला नको. शिवाय ३०० आणि ८६७ हेही कागदावरचे आकडे. राउटरच्या शेजारी बसून निम्मे हातात पडले तरी खूप झालं. त्यातून ते ३०० रुंद चॅनेल मोकळा मिळाला तरचे. नेहमीच्या २० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर कागदसुद्धा १४४ च्या वर जात नाही.

तुमच्या पत्रातली माझ्या कामाची अक्षरं म्हणजे '१०/१००'. याचा अर्थ, त्या भोकातून जास्तीत जास्त १०० एमबीपीएस आत-बाहेर होणार. त्यातलं थोडं माहितीच्या पाकिटांच्या वेष्टनात जातं आणि हाती ९४-९५ लागतात. हवेत ८६७ ची आठपदरी सडक बांधून ठेवली तरी गावात शिरायची कमान बैलगाडीपुरतीच आहे.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. चार-पाच वर्षांपूर्वी साताऱ्यात एका वसतिगृहाचं काम घेतलं होतं. सेलमध्ये असेच सहा राउटर उचलले आणि स्वतःवर खूश होते. प्लॅन मोठा होता, पण कुठल्याही मजल्यावर मोजा, स्पीड ९४. ना वर, ना खाली. मी इंटरनेटवाल्यांच्या माणसाला फोनवर इतकं बोलले की आज आठवलं तरी मान खाली जाते. तो आला, बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा. एक शब्द बोलला नाही. कोपऱ्यात पडलेला रिकामा खोका उचलला, उलटा केला आणि बारीक अक्षरांवर बोट ठेवलं : १०/१००. मी त्याला चहा पाजला. सहाही राउटर माझ्या गळ्यात पडले, त्यातले दोन अजून घरी चालताहेत. तेव्हापासून ९४ आकडा दिसला की मी आधी पोर्ट बघते आणि मग तार. लॅनच्या तारेत आठ वायरी असतात. गिगाबिटला, म्हणजे १,००० एमबीपीएसला, आठही लागतात, १०० ला चारच पुरतात. उरलेल्या चारांतली एखादी वायर तुटली की चांगला राउटरसुद्धा मुकाट्याने १०० वर उतरतो.

मग तुम्ही हा राउटर घेऊच नये का? थांबा, मी उलटा प्रश्न विचारते. तुम्हाला २०० चा प्लॅन कुणी घ्यायला लावला? व्हिडिओ मीटिंगला तीन-चार एमबीपीएस पुरतात. एचडी सिनेमाला पाचेक. मुलाची मीटिंग, वहिनींची मालिका, तुमची कीर्तनं आणि फोनचे अपडेट, सगळं एकदम चाललं तरी पन्नासच्या वर जाणं कठीण. मीटिंग तुटते ती प्लॅन कमी पडतो म्हणून नाही, भिंत आडवी येते म्हणून. पडवीत २०० येऊन मागच्या खोलीत २ पोचत असतील, तर ५०० चा प्लॅन घेतला तरी तिथे २ च राहतील. तेव्हा इंटरनेटवाल्याला फोन करून १०० चा, जमलं तर त्याच्याही खालचा प्लॅन विचारा. त्या प्लॅनला १०/१०० चा राउटर बिलकुल कमी पडत नाही. गिगाबिट पोर्टचे पैसे मोजावेत ते १०० च्या वरचा प्लॅन खरोखर वापरणाऱ्यांनी, किंवा ज्यांच्या घरात एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर मोठ्या फायली जातात त्यांनी.

आता भिंत. जांभा म्हणजे लोहाचा दगड. नऊ इंच जाडीच्या तीन भिंती ओलांडून ५ गिगाहर्ट्झ मागच्या खोलीत पोचायची आशा सोडा. २.४ थोडं जास्त आत शिरतं, आणि पावसाळ्यात भिंतीने ओल धरली की तेही मंदावतं, असा माझा अनुभव आहे. चार अँटेनांनी यात काडीचा फरक पडत नाही. अँटेना म्हणजे आगीचे बंब नव्हेत, की चार लावले आणि चौपट पाणी. किती जोरात बोलायचं यावर सरकारची मर्यादा आहे, ती एका अँटेनाला आणि चारांना सारखीच. समजा राउटर ओरडला, तरी फोनचा बारीक आवाज उलट पडवीपर्यंत पोचायला हवा ना? हा संवाद दोन्ही बाजूंनी असतो. अँटेना खोलीच्या दिशेने रोखून धरायची सवयही सोडा. मेदूवड्याच्या भोकात काडी उभी खोचली असं समजा. काडी म्हणजे अँटेना, वडा म्हणजे सिग्नल. काडीच्या टोकाकडे काहीच नाही, जे आहे ते चहूबाजूंना. कौलारू बैठ्या घरात अँटेना सरळ उभ्या ठेवायच्या.

पुतण्याचा रिपीटर ऐकलेलं पुन्हा बोलून दाखवतो, तेही त्याच बँडवर, त्यामुळे वेग निम्मा होतो. आणि लोक तो लावतात कुठे, तर जिथे मुळीच रेंज नाही तिथे! ज्याला स्वतःलाच ऐकू येत नाही तो दुसऱ्याला काय सांगणार? मुलाचं मेश, म्हणजे एकच वायफाय घरभर पसरवणाऱ्या डब्यांचा संच, वाईट नाही, पण मेशच्या डब्यांनाही एकमेकांशी बोलायला तोच जांभा ओलांडावा लागतो. नऊ हजार घालवून ते माजघरातच अडखळलं तर मुलगा पुण्याला निघून जाईल आणि वहिनींचं बोलणं तुम्हाला ऐकावं लागेल.

माझं म्हणणं, तार ओढा. पडवीतल्या डब्यापासून मागच्या खोलीच्या दारापर्यंत वीस-पंचवीस मीटर कॅट-६ जातीची लॅनची तार. तार १०० मीटरपर्यंत बिनतक्रार चालते, त्यामुळे लांबीची काळजी नाही. भिंती फोडू नका, वाशांवरून न्या, पण पीव्हीसी पाइपातून. नुसती तार म्हणजे उंदरांना निमंत्रण. घराबाहेरून कौलांवरून तर मुळीच नको. वानरांनी एकाची अख्खी तार आंब्यावर नेऊन लोंबकळत ठेवलेली मी पाहिली आहे. तार घेताना अस्सल तांब्याची मागा. स्वस्तातल्या तारेत ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो, दुकानदार तिला 'सीसीए' म्हणतात. पात्याने वायर खरवडली की आत पांढरी दिसते. तांब्याची असेल तर आतबाहेर लालच. अस्सल तार मीटरमागे पंचवीस-तीस रुपयांना पडेल. तुमच्या सगळ्या खर्चात पैसे कुठे कमी करायचे नाहीत असं एकच ठिकाण असेल, तर ते हे.

तारेच्या दुसऱ्या टोकाला तुमचा १,२९९ चा राउटर लावा आणि पहिल्या दिवशीच त्याला ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका. ही सोय त्यात आहे, तुम्हीच लिहून पाठवलंय. या मोडमध्ये तो स्वतःचा वेगळा संसार थाटत नाही. फोन-लॅपटॉपला नेटवर्कवरचे पत्ते वाटायचं काम पडवीतला डबाच करतो आणि इंटरनेटवाल्याचा युजरनेम-पासवर्ड शोधत बसावं लागत नाही. दोन्हीकडे वायफायचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवा, म्हणजे चालता-चालता फोन आपला आपण बदली घेईल. २.४ चा चॅनेल एकीकडे १ आणि दुसरीकडे ६ किंवा ११ ठेवा. एकमेकांच्या अंगावर न येणारे तेवढेच तीन. वायफायचा नव्हे, डब्याच्या आतल्या सेटिंगचा जो 'ॲडमिन' पासवर्ड असतो तोही बदला. २०१६ साली मिराई नावाच्या प्रोग्रॅमने जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते कारखान्यातून आलेले पासवर्ड कुणी बदलले नव्हते म्हणूनच.

खोका हातात आला की फोडण्याआधी निर्मितीचा महिना आणि वर्ष वाचा. ते छापणं बंधनकारक आहे. चार वर्षांपूर्वीचं असेल तर सूट का दिली ते कळलंच. नुसतं जुनं असणं वाईट नव्हे, पण कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलचं शेवटचं फर्मवेअर (डब्याच्या आत चालणारा प्रोग्रॅम) कधीचं आहे ते मुलाला बघायला सांगा. डब्याच्या खाली 'व्ही ३', 'व्ही ४' अशी आवृत्ती छापलेली असते, ती जुळवूनच बघायचं. तीन वर्षांत एकही अपडेट नसेल तर परत पाठवा. त्यात सापडलेली भोकं आता कुणी बुजवणार नाही.

एक राहिलं, आणि कोकणात हे सगळ्यात महागात पडतं. वीज. फायबरची तार काचेची, तिच्यातून आकाशातली वीज येत नाही. येते ती अडॅप्टरमधून आणि तांब्याच्या लांब तारेतून. वैशाखात वळीव गडगडायला लागला की बटण बंद करून भागत नाही, प्लग उपटायचा आणि राउटरच्या पाठची लॅनची पिनही काढायची. वहिनी कपडे आत आणायला धावतील तेव्हा तुम्ही राउटरकडे धावा. घरातली वीज जाते त्यावर १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. पडवीत एक, मागे एक. घेण्याआधी दोन्ही अडॅप्टरवरचे व्होल्ट वाचा. अँपिअर जास्त चालतात, व्होल्ट मात्र तेवढेच हवेत.

हिशेब मांडून बघितला. राउटर, तार, पाइप आणि सुताराची मजुरी मिळून मेशच्या निम्म्यातही होईल. आणि प्लॅन उतरवलात की दर महिन्याचे पैसे वाचतील ते वेगळेच.

प्रश्न : कोथरूडला आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकांनी जुना राउटर ५०० रुपयांना दिला. नामांकित कंपनीचा आहे, दिवेही लागतात. पण फायबरच्या डब्यातून आलेली पिन त्याच्या मुख्य भोकात बसतच नाही, भोक लहान आहे. पिन बदलून मिळते का?

उत्तर : ताई, पिन बदलू नका, दाबून तर अजिबात बसवू नका. ते भोक टेलिफोनच्या तारेचं आहे. तुम्हाला मिळालाय तो एडीएसएलचा मोडेम-राउटर. घरोघरी लँडलाइनवरून इंटरनेट यायचं त्या काळातला. अशा वस्तू आता ग्रुपवर आणि 'क्लिअरन्स'मध्ये स्वस्त मिळतात, कारण बहुतेकांच्या घरी ती तारच उरलेली नाही. खरेदीच्या पानावर 'मोडेम राउटर', 'एडीएसएल' किंवा 'डीएसएल' शब्द दिसला की फायबरवाल्यांनी पुढे सरकावं.

पाचशे परत मागायला संकोच वाटत असेल (सोसायटीत वाटतोच, लिफ्टमध्ये रोज तोंड दिसतं), तर एक जुगाड आहे. मागच्या भोकात टाचणी दहा सेकंद दाबून तो कोरा करा, म्हणजे त्यांच्या घरचे पासवर्ड जातील. सेटिंगमध्ये त्याचा पत्ता फायबरच्या डब्यापेक्षा वेगळा द्या. तो १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२. मग याचं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायचं काम, बंद करा आणि डब्याच्या लॅनमधून तार काढून याच्याही लॅनमध्ये घाला. पाहुण्यांच्या खोलीपुरतं चालून जाईल. मुलांच्या ऑनलाइन वर्गासाठी यावर विसंबू नका. आणि संकोच बाजूला ठेवता आला तर पाचशे मागाच.

प्रश्न : मी न्यू जर्सीत असतो. इथे ब्लॅक फ्रायडेला वायफाय ६ई चा राउटर जवळजवळ निम्म्या किमतीत मिळतोय. डिसेंबरात नाशिकला येतोय. आई-बाबांसाठी आणू का?

उत्तर : नको. अडॅप्टरवर '१००-२४० व्होल्ट' लिहिलेलं असेल तर नाशिकला जळणार नाही, फक्त पिन बदलावी लागेल. पण ६ई मधला तो 'ई' म्हणजे ६ गिगाहर्ट्झची जादा पट्टी. अमेरिकेने ती २०२० मध्ये सगळीच्या सगळी, १,२०० मेगाहर्ट्झ, मोकळी केली. भारतात ती तशी अख्खी मोकळी नाही. तिकडे विकलेले राउटर तिकडचे चॅनेल आणि तिकडची ताकद धरून कारखान्यात बंद केलेले असतात, देश बदलायचं बटण त्यात बहुधा नसतंच. बिघडला तर वॉरंटी न्यू जर्सीत आणि राउटर पंचवटीत. आणि बाबांचा फोन कुठला आहे? त्यात ६ गिगाहर्ट्झ नसेल तर त्या 'ई'साठी दिलेले डॉलर शोभेचे. त्याच पैशात नाशिकमध्येच गिगाबिट पोर्टवाला साधा वायफाय ६ घ्या, बिल बाबांच्या नावावर करा. बॅगेत उरलेल्या जागेत आईला काय हवंय ते तिला विचारा, राउटर नक्की म्हणणार नाही.

प्रश्न : मागच्या अंकात तुम्ही राउटर टीव्हीमागे आणि गोदरेजच्या कपाटावर ठेवू नका म्हणालात. म्हणून हॉलमध्ये उंच फळीवर ठेवला. सासूबाईंना तो डोळ्यांत खुपतो. त्यांनी क्रोशाचा रुमाल विणून त्यावर घातलाय. रुमालाने रेंज जाते का?

उत्तर : वहिनी, दोऱ्याने रेंज जात नाही. लोखंडाने जाते, आरशाने जाते, माशांच्या टाकीतल्या पाण्याने जाते. क्रोशाला सगळं माफ. पण राउटर दिवसभर गरम होतो आणि त्याच्या अंगावरच्या फटी त्याच्या श्वासासाठी असतात. रुमालाखाली उन्हाळ्यात तो तापून आपोआप बंद-चालू व्हायला लागेल आणि घरात सगळे इंटरनेटवाल्याला नावं ठेवतील. रुमाल राउटरच्या खाली अंथरा, कडा फळीवरून छान लोंबू देत. विणकामही दिसेल. सासूबाईंना सांगा, नक्षी उंचावर कुणाला दिसत नव्हती म्हणून बदललं.